बर्फातली मेंढरं

प्रिन्सनं आधी पंखा बंद केला. बर्फात पंखा कोण लावतं? मग जुन्या मोबाइलवर मेंढरांची बें-बें सुरू केली आणि तारोडी गावात मम्मीला फोन लावला.

"मम्मी, इकडे आत्ता उजाडतंय."

"एकटाच हाय का रं?"

"या डोंगरावर दुसरं कोण असणार? मी आणि मेंढरं. रात्री लांडगा आलेला. शेकोटी पेटवून बसलो."

भाईंदरच्या नवघरमधल्या त्या खोलीत त्याला घामाच्या धारा लागल्या होत्या. अमेरिकेत, पार पश्चिमेकडच्या डोंगरांत मेंढरं राखायची नोकरी लावून देतो म्हणणारा एजंट नाताळाआधीच पसार झाला होता. पण वारलेल्या पप्पांची होडी त्या नोकरीपायी विकली होती, गावानं हार घालून निरोप दिला होता. परत कुठल्या तोंडानं जाणार? विमानतळावरून तो थेट इथे आला आणि काशीगावच्या एका गोदामात खोकी उचलायला लागला. मम्मी मासळी घेऊन भाईंदरच्या बाजारात बसायची, म्हणून बाजाराच्या वाटेला तो फिरकतही नसे. दर रविवारी फोनवर नवा लांडगा सोडायचा आणि नंतर स्वतःचीच लाज वाटून भिंतीकडे तोंड करून पडायचा.

"आज झावळ्यांचा रविवार, ईस्टर आठ दिवसांवर आला," मम्मी म्हणाली. "देवळातून झावळी आणली. तुझा पन क्रॉस केला. पप्पाच्या जाळ्याचा निळा दोरा बांधलाय."

"जपून ठेव. आलो की घेईन."

"बरं."

त्याला वाटलं, सांगून टाकावं सगळं.

"मम्मी..."

"काय रं?"

"काही नाही. बर्फ फार पडलाय."

"जीवाला जप. गरम हाय तवर जेव."

फोन ठेवतोय तोच दारावर थाप पडली. तळमजल्यावरच्या आशाकाकी डबा घेऊन आल्या होत्या. बाजारातून ताजी मासळी आणून त्या डबे करायच्या. बाकीच्या पोरांना एक तुकडी, प्रिन्सच्या डब्यात कायम दोन. काकींना आपली दया येते, या विचारानं तो आणखीच ओशाळायचा.

"सगळं संपव हां," काकी त्याच्याकडे न बघताच म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

त्यानं मेंढरं बंद केली, पंखा लावला, डबा उघडला.

चपात्यांवर झावळीचा क्रॉस होता, निळ्या दोऱ्यानं बांधलेला.