फ्लेक्सवरची कमान

"काकू, चक्रासन! अजून वर, कंबर उचला!" म्हणत योगवर्ग घेणारा पराग माझ्या पाठीखाली हात घालायला आला. सोसायटीच्या हॉलमध्ये योगदिनाच्या फ्लेक्ससाठी आमचे फोटो काढणं चाललं होतं.

"हात लावायचा नाही," मी म्हटलं आणि चक्रासन सोडूनच दिलं. उताणी झोपून गुडघे दुमडले, पावलं समांतर ठेवली. गुडघे फाकू नयेत म्हणून मांड्यांमध्ये लाकडी वीट धरली. मग टाचा दाबत, मान सैल ठेवून कंबर जेमतेम वीतभर उचलली.

"अहो, यात काय दिसणार? गेल्या वर्षी सगळ्यांत उंच कमान तुमचीच होती. गेटवर अजून तुमचाच फोटो आहे!"

"आहे ना. तू मला ढकलून वर चढवलंस, टाळ्या पडल्या, फोटो निघाला. नंतर चार महिने मी अंथरुणाला खिळले होते. नवरा माझी वेणी घालायचा."

पराग मोबाइल खिशात घालू लागला.

"थांब," मी म्हटलं. "हाच फोटो काढ आणि गेटवरच्या जागी लाव. आज मी माझ्या पायांनी घरी जाणार आहे."