तिचा बोजारा

तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या क्वार्टरांपुढून पोरं लाकडी बैल ओढत, दारोदारी बोजाऱ्याचा खाऊ मागत निघाली. पौलसचं दार मात्र सगळ्यांनी टाळलं. गेल्या साली त्यानं आपल्या लेकीला उंबऱ्यातून मागं ओढलं होतं. “आपण ख्रिस्ती माणसं. बैल पुजनं आपल्याले चालत नाही,” असं म्हणून तिचा बैल उंच कपाटावर टाकला होता. रशियन मशीनच्या खोक्याची फळी कापून शेजाऱ्यानं तो केला होता. पोटावर परकी अक्षरं तशीच. हिवाळ्यात पोर तापानं गेली. आज पौलसनं बैल उतरवला, धूळ पुसली आणि दोरी धरून पोरांच्या मागं चालू लागला. शेजारच्या रंभाबाईनं बैलाला कुंकू लावलं. त्यानं लावू दिलं. तिनं त्याच्या हातावर लाडू ठेवला. हात तसाच पसरून तो म्हणाला, “मागच्या सालचाबी द्या, ताई. तिचा राह्यला होता.”