पाण्याचं कारण

गोऱ्या, उंच पोराने कप बोटभर मागे सरकवला.

“नको, थँक्यू. आम्ही चहा घेत नाही,” तो इंग्रजीत म्हणाला.

भानुदासांचा हात ट्रेवर तसाच राहिला. आलं किसून, दोनदा उकळी आणून त्यांनी स्वतः केलेला चहा होता. सुनेला, मैथिलीला, त्यांनी गॅसजवळ फिरकूही दिलं नव्हतं. समोर दोन पोरं बसली होती. पांढरे शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पाटी. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे प्रचारक, जपानमधल्या इचिकावा शहरात सायकलवरून दारोदार फिरणारे. भूकंपाला महिना होत आला होता आणि विजेच्या टंचाईमुळे बिल्डिंगची लिफ्ट बंद होती. कडेवर बाळ आणि पुढ्यात पाण्याच्या बाटल्यांचं खोकं घेऊन मैथिली खाली उभी होती. या दोघांनी ते उचलून चौथ्या मजल्यावर आणून दिलं, म्हणून तिने चहाला थांबवलं. बूट दाराशी नीट लावून पोरं आत आली. इथवर सगळं छान चाललं होतं.

“थोडा तरी घ्या,” भानुदास म्हणाले.

“खरंच नको, सर.”

हे वाक्य त्यांच्या चांगलं ओळखीचं होतं. टेलिफोन खात्यात लागल्यावर अमरावतीला क्वार्टर मिळालं, तेव्हा त्यांनी हौसेने साहेबांना चहाला बोलावलं होतं. साहेब म्हणाले, आत्ताच घेतला, शिवाय ॲसिडिटी. थोड्या वेळाने भानुदास बाहेर पडले, तर साहेब कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा फुंकून पीत होते. बौद्धाच्या घरचा चहा तेवढा त्यांना बाधत होता. पुढे काळ सुधारला. लोक घोटभर घ्यायला लागले, उरलेला तसाच ठेवून घड्याळ बघायला लागले. मग मुलगा धीरज जपानला, कावासाकी शहरातल्या एका कंपनीत लागला आणि म्हणाला, “बाबा, इकडेच या. इथे कोणी काही विचारत नाही.” आणि खरंच, इथे कोणी विचारलं नव्हतं. आजपर्यंत.

या पोरांना अमरावती कुठली ठाऊक! डोक्याला ते कळत होतं. पण जुनं दुखणं डोक्याला विचारून उठत नाही.

मैथिली मराठीत हळूच म्हणाली, “बाबा, नळाच्या पाण्याचा आहे म्हणून नको म्हणत असतील. भूकंपात अणुभट्टी फुटल्यापासून रेडिएशनची भीती सगळ्यांनाच आहे. मी बाटलीतल्या पाण्याचा दुसरा करते.”

“ते बाळाचं पाणी आहे. आणि पाण्याचं कारण मी जन्मभर ऐकत आलोय.” भानुदासांनी ट्रे उचलला. “दार उघड, मैथिली. जाऊ दे त्यांना.”

“बाबा, अहो...”

“उघड म्हणतो ना!”

तेवढ्यात जमीन हलली. वरचा दिवा झोके घेऊ लागला. ट्रेमधला चहा बश्यांत सांडला. मैथिली बाळाला छातीशी धरून टेबलाखाली शिरली. उंच पोरगा ताडकन उठला, दाराकडे धावला आणि दार सताड उघडून धरून उभा राहिला. इथली रीतच ती. हादरा बसला की आधी दार उघडायचं, चौकट वाकली तर माणूस आतच अडकतो. दुसऱ्याने भिंतीजवळचं कपाट पाठीने रेटून धरलं होतं. भानुदास ट्रे घेऊन मधोमध उभे होते.

हादरा थांबला. दार उघडंच होतं. आता कोणी न सांगताही जाता आलं असतं.

उंच पोरगा गेला नाही. त्याने सांडलेला चहा पाहिला, मग भानुदासांचा चेहरा पाहिला आणि तो परत आत आला.

“सर, तुम्हाला वाईट वाटलं. आमच्या धर्मात चहा-कॉफी चालत नाही.”

“असेल,” भानुदास म्हणाले. कारणं काय, देणाऱ्याकडे नेहमीच चांगली असतात.

“अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत आमचे लोक सगळ्यांत कमी कुठे असतील, तर माझ्या शहरात. शाळेत मी एकटाच होतो. मित्र घरी बोलवायचे, त्यांची आई तिकडचा बर्फ घातलेला गार चहा पुढे करायची आणि मी नको म्हणायचो. मग परत बोलावणं यायचं नाही. त्यांना वाटायचं, मी स्वतःला त्यांच्यापेक्षा शुद्ध समजतो.”

‘शुद्ध’ म्हटल्यावर भानुदासांनी मान वर केली.

“तेव्हा आईने शिकवलं, चहाला नाही म्हणालास तर त्याच घरचं पाणी मागून प्यायचं. आज मी विसरलो. पाणी मिळेल?”

मैथिली टेबलाखालून बाहेर आली होती. तिने खोक्यातली बाटली काढली.

“ते नको,” तो म्हणाला. “ते बाळासाठी आणलंय, खाली तुम्हीच सांगितलंत. नळाचं द्या.”

भानुदास स्वयंपाकघरात गेले. पाहुण्यांसाठी काचेचे ग्लास होते. त्यांनी ते घेतले नाहीत. अमरावतीहून आणलेला स्टीलचा पेला घेतला, ज्यातून ते स्वतः पाणी पीत. नळाखाली धरून तो काठोकाठ भरला आणि पोराच्या हातात दिला. त्याच्या तोंडाकडे बघायचं त्यांनी टाळलं. घोटभर घेईल, बाकीचं ठेवेल आणि घड्याळ बघेल. पुढचं सगळं त्यांना पाठ होतं.

पोराने मान मागे टाकून पेला रिकामा केला. मनगटाने ओठ पुसले आणि पेला पुन्हा त्यांच्यापुढे धरला.

“अजून मिळेल?”