भिंतीलगतची खुर्ची

मानसशास्त्राच्या एम.ए.ला तिला मुलाखतीचं प्रात्यक्षिक होतं. तिने आठवणींवर दहा प्रश्न तयार केले आणि भरदुपारी विभागातल्या खोलीत अकरा जणांच्या मुलाखती घेतल्या. अकराही जणांनी प्रत्येक उत्तराआधी भिंतीलगतच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. तिथून होकार आल्यासारखं मान हलवून मगच ते बोलले.

तिने हे अहवालात लिहिलं. मार्गदर्शक सरांनी त्यावर काट मारली. "तुझ्यासोबत माझंही हसं होईल. खुर्ची बाहेर काढ आणि मोकळी हो."

"दिसलं ते लिहायचं, हे तुम्हीच शिकवलंत, सर. मी एक अक्षरही खोडणार नाही."

बाराव्या मुलाखतीला तिने हट्टाने सरांनाच प्रश्न विचारायला बसवलं आणि स्वतः त्या खुर्चीत जाऊन बसली. आता कुणाकडे बघतात तेच बघू, म्हणाली.

निवृत्त पोस्टमन काका आले. सरांनी पहिला प्रश्न विचारला. काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि ते अवघडले.

"पोरी, ऊठ की जरा," ते हळूच म्हणाले. "त्यांच्या मांडीवर बसली आहेस तू."

सरांनी प्रश्नांचा कागद खाली ठेवला. "ऊठ गं," तेही पुटपुटले.

तरीही तिने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.

"मी का उठू? काका, त्यांना सांगा उठायला."

काकांनी सांगितलं.

तिचे पाय हळूहळू जमिनीवरून सुटले. तिने खुर्चीचे हात सोडले नाहीत.