एकाहत्तरची नदी

रहिमतपूरचे हवालदार मानसिंग रिटायर झाले आणि शालूबाईंना घेऊन कोकण बघायला गेले. खडकांतल्या गुहा दाखवणाऱ्या होडीवाल्यानं आधीच विचारलं, "साहेब, पोहता येतं ना?"

"म्हंजे? एकाहत्तरच्या लढाईत नदी पवून गेलोय!" ही नदी ते गावात पारावरच्या गप्पांत इतक्यांदा पोहले होते, की आता माघार नव्हती.

चिंचोळी होडी हेलकावत गुहेत शिरली. हवालदारांनी दोन्ही हातांनी होडीचा काठ आवळला आणि तिसऱ्यांदा विचारलं, "आता फिरायचं का रं?"

"एरवी मी भायरूनच दाखवतो, आत शिरत नाय, साहेब. आज तुम्ही आहात म्हणून. मला कुठं पोहता येतंय!"

हवालदार पांढरेफटक पडले. शालूबाईंनी पदर खोचला.

"गप बसा दोघंबी. मला कुणी इचारलं न्हाई, पर मला येतं."