भरतीला दिलेली गाडी

मागची चाकं वाळूत पुरती रुतली तसं त्याने इंजिन बंद केलं आणि तो खाली उतरला. होडी ट्रेलरवरून सुटून मालकाला घेऊन केव्हाच लांब गेली होती. रिकामा ट्रेलर आणि त्याला जोडलेली जुनी डिझेल गाडी तेवढी लाटांत उभी होती. जेवणाची वेळ, किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं.

गाडी रुतली की इंजिन बंद करायचं नसतं, हे त्यानेच सगळ्यांना बजावलं होतं. वाळूत शिरण्याआधी पुढच्या चाकांचे हब हाताने फिरवून लॉक करायचे, म्हणजे चारही चाकं ओढतात, हेही. आज त्याने हबला हात लावला नव्हता. भरती लागली होती. घटकाभरात समुद्र गाडी गिळणार होता आणि तो सुटणार होता.

बायको लेकीकडे जाऊन राहिली होती. "तुम्ही कधी येताय?" म्हणून ती विचारायची, आणि हा म्हणायचा, एवढा हंगाम संपू दे. किनाऱ्यावरच्या होड्या पाण्यात सोडायला आणि ओढून काढायला ही एकच गाडी. ती विकायला काढली, तर होडीवाल्यांनी गिऱ्हाइकाला चहा पाजता पाजता असं काही घाबरवलं की बिचारा अर्धा कप टाकून पळाला. दुसऱ्या कुणी चालवावी म्हटलं, तर "छे, तिला तुझाच हात लागतो," म्हणून सगळे मोकळे. कौतुक करून करून माणसाला कसं बांधून घालावं, ते या लोकांकडून शिकावं.

पाणी दारापर्यंत चढलं. तो कोरड्या वाळूत जाऊन बसला. इतकी वर्षं साथ दिलेल्या गाडीला असं सोडताना लाज वाटत होती, पण छातीवरचं ओझंही उतरत होतं.

"अगं बाई, गाडी बुडतेय!" जेवून परत आलेली जाळी विणणारी मावशी ओरडली.

मग काय, अख्खा किनारा धावला. होडीवाल्यांतला सगळ्यात म्हातारा काका दोर घेऊन कमरेएवढ्या पाण्यात शिरला.

"काका, राहू द्या!" तो कळवळून म्हणाला. "जाऊ दे तिला. जिवापेक्षा गाडी मोठी का?"

"गप रे," काका म्हणाला. "तुझ्यावर वेळ आल्यावर आम्ही काय बघत बसू?"

मावशी पुढच्या चाकाची वाळू उकरत होती. तिचा हात हबवर थांबला. तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्याने नजर खाली वळवली.

"होतं असं," ती हळूच म्हणाली आणि दोराला हात लावायला गेली.

हां हां म्हणता गाडी वर आली. मिस्तरीने पाणी काढलं, फिल्टर पुसला, बरीच खटपट केली. इंजिन दोनदा खोकलं आणि धडधडू लागलं.

"नवी गाडी असती तर खलास झाली असती," मिस्तरी म्हणाला. "हिला मरण नाही."

टाळ्या पडल्या. त्याला रडू आवरेना.

"बघा, गाडीवर किती जीव आहे!" कुणीतरी म्हणालं.

काकाने ओला हात त्याच्या पाठीवर ठेवला. "रडू नकोस. आता असं उघड्यावर नको. गाडीला इथेच पक्की शेड बांधू, आणि लागूनच तुला खोली. सूनबाईलाही लेकीकडून इकडेच बोलावून घे. तुला आता कुठे म्हणून जायला नको."

सगळ्यांना ते एकदम पटलं. दोघांनी तर लगेच टाचेने वाळूत खोलीच्या रेघा ओढायला घेतल्या. तीन बाजू झाल्या. तो मधेच उभा होता, पण त्याला कुणी बाजूला हो म्हटलं नाही.