शिशाची बाहुली

नाताळच्या संध्याकाळी पाण्यात ओतून त्याच्या आकारावरून भविष्य पाहायला वितळवलेलं शिसं रुझेनाच्या हातून पाण्याऐवजी नवऱ्यानं, ओताकरनं, कोरलेल्या पोकळ बाहुलीत सांडलं आणि बुडाशी गोठलं.

"हाताला काय भोकं पडलीत तुझ्या?" म्हणत ओताकरनं बाहुली भिरकावली. ती डुलत उभी राहिली, रुझेनाकडे तोंड करून.

ईस्टरच्या जत्रेत तशाच बाहुल्या हातोहात खपल्या. त्यांचा बुडणारा खेळण्यांचा कारखाना तरला.

"जिंकलीस गं बाई!" ओताकरनं टोपी काढली.

चौकभर पोरं बाहुल्या आडव्या पाडत होती. उठणाऱ्या प्रत्येकीचं तोंड रुझेनाकडेच होतं.

रुझेनानं मान ताठ केली. कुणी हात न लावता साऱ्या बाहुल्या एकदम तिच्यापुढे वाकल्या.

ओताकरही वाकला आणि तसाच राहिला, ती 'ऊठ' म्हणायची वाट बघत.